पातळ पेटी, जाड पुस्तकं

भूगर्भसाहेबांना कोणतीही बातमी सांगा, ते आधी मान किंचित तिरकी करायचे आणि विचारायचे, "कुठल्या आवृत्तीत?" कलेक्टरसाहेबांची बदली झाली म्हणा, यंदा मृग बरसणार म्हणा, अमक्याच्या मुलीची सोयरीक मोडली म्हणा. "कुठल्या आवृत्तीत? मुलीकडच्या की मुलाकडच्या?" नवीन माणूस गोंधळायचा. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की साहेब थट्टा करत नाहीत. कुठलीही गोष्ट जगात एकाच प्रकारे सांगितली जाते, यावर त्यांचा खरोखरच विश्वास नव्हता.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून फायली ट्रकमध्ये भरून येत होत्या, पण त्या ठेवायला कपाटं नव्हती आणि कपाटं आली तर ती ठेवायला खोल्या नव्हत्या. निम्मी कचेरी भाड्याच्या घरांतून चाललेली. एका जुन्या गोदामाच्या पुढच्या भागात आमचं ऑफिस आणि मागच्या भागात साहेबांचं. मी टंकलेखक म्हणून लागले होते. साहेब भूगर्भशास्त्रज्ञ. कुठल्या गावात कुठं बोअर घ्यावा, हे जमीन पाहून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांचं खरं आडनाव मस्टरवर होतं, पण शिपायापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना भूगर्भसाहेबच म्हणत.

एके दिवशी ते हाताने लिहिलेले कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "स्टेन्सिल कापाल का? काम खासगी आहे. स्टेन्सिल माझ्या, वेळ तुमच्या सवडीची." मग विचारलं, "गाव कुठलं?"

"मुदखेड."

"हां, जंक्शन. म्हणजे गाडी बदलायची सवय आहे तुम्हाला. जमेल."

मी प्रती काढायच्या स्टेन्सिलचा मेणकागद यंत्रावर चढवला आणि साहेबांचा पहिला कागद शेजारी ठेवला. पहिलंच वाक्य होतं, 'खुजा अंधारात साठ फुटांपर्यंत पाहू शकतो.' दुसरं होतं, 'मांत्रिकास चिलखत घालण्यास मनाई आहे.' मला वाटलं, खात्याचं एखादं परिपत्रक असेल. नव्या जिल्ह्यात रोज इतकी परिपत्रकं निघत होती की खुज्यांसाठीही एखादं निघालं तर नवल वाटलं नसतं. तिसऱ्या कागदावर मात्र ड्रॅगन आला, तेव्हा मी उठून मागच्या ऑफिसात विचारायला गेले.

त्या कागदांमागची हकिगत अशी. साहेबांचे मेहुणे अमेरिकेत होते. साहेबांनी त्यांना कळवलं होतं की तिकडे गुहांवर काही चांगलं पुस्तक असेल तर पाठव. मेहुणे दुकानात गेले, एका पेटीवर गुहेचं चित्र दिसलं, त्यांनी ती उचलली आणि पाठवून दिली. पेटीत निघाला एक खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. दोन पातळ पुस्तिका आणि तऱ्हेतऱ्हेच्या आकारांचे फासे. एकाने मनातल्या मनात एक मुलूख रचायचा, त्यात भुयारं, राक्षस, खजिने ठेवायचे. बाकीच्यांनी त्या मुलखातलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. साहेबांनी त्या पुस्तिका आठवडाभर वाचल्या आणि मग मेहुण्यांना कळवलं, "पुस्तक उत्तम आहे."

नियमांचं मराठी करताना त्यांनी घेतलेली मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे. माणसाच्या अंगात मार सोसायची किती ताकद उरली आहे, हे सांगणारा एक आकडा त्या खेळात असतो. त्यासाठी त्यांनी 'प्राणांक' लिहिलं, खोडलं, 'जीवबळ' लिहिलं, तेही खोडलं. एकदा दौऱ्याहून आले ते थेट माझ्या टेबलाशी. "दम," ते म्हणाले. "बोअरवाल्या पोरानं म्हटलं, साहेब, इंजनात दम राह्यला न्हाई. तोच शब्द. दम संपला की माणूस मेला." मी टंकलेल्या सगळ्या कागदांवर 'जीवबळ' पुसून 'दम' केलं.

खेळ रविवारी दुपारी बसायचा; मुलूख रचायचं काम साहेबांचं. साहेब गोलाईच्या बाजाराजवळ एका माडीवर भाड्याने राहत. खाली घरमालक अप्पांचं दुकान. दोर, बादल्या, पोहरे, कप्प्या आणि दुष्काळ सुरू झाल्यावर प्लास्टिकचे पिंप. अप्पा म्हणजे उदगीरकडचे लिंगायत व्यापारी. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंगाची करडुगी आणि बोलणं असं की गिऱ्हाईक भांडायला आलं तरी दोर घेऊनच परत जायचं. वर एवढा वेळ काय हसणं चालतं, ते बघायला ते एकदा जिना चढून आले आणि खेळायला बसले. साहेबांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, पहिल्यापासून खेळात होत्या. मी बाईमाणूस, परक्या घरी रविवारी जाऊन बसणार म्हटल्यावर माझ्या खोलीमालकिणीने भुवया चढवल्या होत्या. वहिनी स्वतः तिच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन आल्या आणि प्रश्न मिटला.

फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले होते, रंग नव्हता. रंग भरायला सोबत मेणाची कांडी यायची, ती वाटेतच वितळून पेटीच्या तळाला चिकटली होती. वहिनींनी मेणबत्तीच्या मेणात कुंकू मळलं आणि आकड्यांत भरलं. फासे छान दिसू लागले, पण खेळ झाला की सगळ्यांची बोटं लाल. सोमवारी माझ्या टंकलेल्या कागदांच्या कडेला कुंकवाची बोटं उमटायची. "बाई देवभोळ्या दिसतात," असं आमचे हेडक्लार्क म्हणायचे.

मी मांत्रिक झाले होते. मला दिवसातून एकच मंत्र येत असे. तो म्हटला की उरलेला दिवस काठी टेकत सगळ्यांच्या मागून चालायचं. वहिनी चोर होत्या. घरात अतिशय सरळ असलेली ही देगलूरची बाई खेळात कोणाच्याही कमरेची किल्ली काढायची. "नियम कुठला का असंना," त्या म्हणत, "कुलूप ते कुलूप." अप्पा खुजा झाले. नाव ठेवलं मल्लप्पा. हातात कुऱ्हाड, अंगावर लोखंड.

चिलखताच्या आकड्यावरून अप्पांचं आणि पेटीचं पहिलं भांडण झालं. त्या आवृत्तीत उघड्या माणसाचा आकडा नऊ आणि लोखंडात मढलेल्याचा दोन. जितका आकडा कमी, तितकं संरक्षण जास्त.

"कमी म्हंजी जास्त?" अप्पा म्हणाले. "साहेब, असा काटा मी दुकानात ठिवला तर मला गावात ठिवतील का?"

"मी बनवला नाही, अप्पा. मी फक्त मराठी केलं."

"मग मराठी करताना सुधरून घ्यायचं व्हतं."

पुढे मेहुण्यांनी त्याच खेळाची मोठी आवृत्ती पाठवली. पुठ्ठ्याची जाड पुस्तकं, बारीक टाइप, प्रत्येक गोष्टीला तक्ता. त्या दिवसापासून आमच्यात दोन पक्ष पडले. साहेब पातळ पेटीचे. ते म्हणायचे, "पातळ पेटीवाल्याला सगळं ठाऊक नव्हतं, म्हणून तो आपल्याला विचारतो. जाड पुस्तकवाला आपल्याला सांगून राहिलाय. मला विचारणारा माणूस आवडतो." दारू प्यायलेल्या माणसाचा तोल किती जातो याचाही तक्ता जाड पुस्तकात आहे, हे त्यांना फारच लागलं होतं.

अप्पा जाड पुस्तकांकडे गेले ते मात्र वेगळ्याच कारणाने. पातळ पेटीत माणूस असेल तर तो लढवय्या, पुजारी, चोर, काहीही होऊ शकत असे. खुजा मात्र खुजाच. तेच त्याचं कूळ आणि तेच त्याचं काम. जाड पुस्तकांत कूळ वेगळं आणि काम वेगळं धरलं होतं.

"म्हंजी तुमच्या पेटीत जात हाच धंदा," अप्पा म्हणाले. "आमच्या शरणसंतांनी हे शेकडो वर्षांखाली मोडलं. अमेरिकेला आजून पत्ता न्हाई?"

साहेब बराच वेळ पुस्तिका चाळत बसले. मग म्हणाले, "अप्पा, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता." त्यांची ही एक मोठी गोष्ट होती. हरले की लगेच सांगायचे, आणि सांगताना चेहरा असा की जणू त्यांना काहीतरी मिळालंय.

तरी आम्ही पातळ पेटीवरच खेळत राहिलो, कारण स्टेन्सिल तिच्या झाल्या होत्या.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला तेव्हा साहेबांच्या दारात सकाळपासून माणसं बसू लागली. सरपंच यायचे, तरुण पोरं यायची, कधी नुसत्याच बाया घागरी घेऊन यायच्या, जणू साहेब घरातूनच पाणी देणार आहेत. साहेब कोणालाही "पाणी लागेल" असं म्हणत नसत. "खडक बघू," एवढंच. गावात गेले की ते आधी म्हाताऱ्यांना विचारत, नाल्यात कुठं उन्हाळ्यापर्यंत हिरवं राहायचं, कुठल्या विहिरीला आधी पाणी यायचं. मग स्वतः फिरत आणि जागा दाखवत. निम्म्या वेळा पाणी लागे. उरलेल्या निम्म्या वेळा मशीन नुसता राखाडी फुफाटा वर फेकत राही. तो फुफाटा साहेबांच्या भुवयांवर बसलेला मी अनेकदा पाहिला आहे.

अहमदपूरकडच्या एका गावात त्यांनी दाखवलेले तीनही बोअर कोरडे गेले. गावाने एक शब्द वाईट काढला नाही. तिसऱ्या बोअरच्या फुफाट्यात उभ्या असलेल्या साहेबांना एका घरातून चहा आला. कप रिकामा केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तो चहा टँकर येईपर्यंत त्या घराने राखून ठेवलेल्या पाण्याचा होता. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. बोअरच्या ड्रायव्हरने वहिनींना सांगितलं आणि वहिनींनी मला.

पुढच्या रविवारी खेळ झाला. साहेब नेहमीसारखे हसले नाहीत. एरवी आम्ही मूर्खपणा करायला निघालो की ते "नक्की का?" असं विचारत. त्या दिवशी विचारलं नाही. मल्लप्पा पुढे चालत होता. भुयाराची जमीन खचली, तो खोल खड्ड्यात पडला आणि खाली जे काही होतं ते त्याच्यावर धावलं. माझा मंत्र आधीच खर्ची पडला होता. वहिनींचा दोर पोचला नाही. साहेबांनी फासा टाकला, पाहिला आणि म्हणाले, "दम संपला."

पातळ पेटीत दम संपला म्हणजे संपला. अप्पांनी मल्लप्पाचे आकडे लिहिलेल्या कागदाची नीट चौघडी केली, तो खिशात घातला, "येतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. दुकानामागच्या आडाचं पाणी मात्र ते रोज वर पाठवत राहिले, घागर भरून, न चुकता. त्यामुळे तर साहेबांना जास्तच लाजल्यासारखं होई.

वहिनींनी एका दुपारी जाड पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात निराळा नियम होता. दम संपला तरी माणूस लगेच मरत नाही. हळूहळू विझत जातो आणि तेवढ्यात कोणी जखम बांधली तर वाचतो. "ह्या आवृत्तीत मल्लप्पा जिता आहे," वहिनी म्हणाल्या. "मी दोरावरून खाली उतरते, जखम बांधते. मिटवा ना आता."

साहेबांनी मान हलवली. "त्या दिवशी आपण पातळ पेटीवर खेळत होतो. झाल्यावर आवृत्ती बदलायची नाही. असं करायला लागलो तर उद्या मी कोरड्या बोअरला ओला म्हणेन."

"मग तुमचा राग खडकावर होता आणि मेला मल्लप्पा, हे तरी त्यांना सांगाल?"

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि खाली निघाले. वहिनी आणि मी मागे. अप्पा एका गिऱ्हाइकाला दोर मोजून देत होते. ते जाईपर्यंत साहेब पिंपांच्या रांगेत उभे राहिले.

"अप्पा, त्या दिवशी मी ठिकाणावर नव्हतो," साहेब म्हणाले. "नेहमी विचारतो तसं विचारलं असतं तर तुम्ही जमीन चाचपली असती. नियमानं गेला मल्लप्पा, पण माझ्या हातून गेला."

"नियमाचं माझं म्हणणंच न्हाई," अप्पा म्हणाले. "लढणारा गडी, कवातरी जायचाच."

"जाड पुस्तकात तो वाचतो," वहिनी घाईने म्हणाल्या.

"नको वहिनी. गेलेल्याला असं मागं वढू नये." अप्पा दोराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "माझं एकच हाय. तुम्ही सगळे त्याला तिथं खड्ड्यात टाकून आले. मी बी आलो, कागद खिशात घालून. आमच्यात माणूस असा टाकत न्हाईत. त्याला वर आणा. बसवून, विभूती लावून, मातीत द्या. मग मी येतो."

 "येत्या रविवारी," साहेब म्हणाले.

त्या रविवारइतका चांगला खेळ मी पुन्हा खेळले नाही. अप्पांचा खेळात आता कोणी माणूस उरला नव्हता, तरी ते आमच्याबरोबर बसले होते. वहिनी दोरावरून उतरल्या. मी दिवसाचा एकुलता मंत्र खड्ड्यातल्या जनावरांना झोपवण्यात खर्च केला. मल्लप्पाला झोळीत बांधून आम्ही वर ओढला. लोखंडासकट तो फार जड होता. वहिनी म्हणाल्या चिलखत काढू, अप्पा म्हणाले काढू नका. बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "जागा कुठली?" अप्पांनी सांगितलं. टेकडीचा उतार, तोंड उगवतीला, जवळ एक लिंबाचं झाड. साहेबांनी दोन्ही आवृत्त्या उघडल्या, पानं उलटली आणि बाजूला सारून ठेवल्या. "ह्याला कुठंच नियम नाही," ते म्हणाले. "फासा लागत नाही. तुम्ही सांगाल तसं." मग अप्पा शांतपणे एकेक सांगत गेले, खड्डा किती, बसवायचं कसं, आधी कोणी माती लोटायची, आणि आम्ही तसं तसं करत गेलो. शेवटी अप्पांनी कपाळाची विभूती बोटाने पुसून चौघडी केलेल्या कागदाला लावली. वहिनींनी चहा टाकला.

चहा घेता घेता अप्पांनी विचारलं, "जाड पुस्तकात खुजा पुजारी व्हऊ शकतो का?"

"शोधू. नसला तर लिहू."

"मग मी खुज्यांतला जंगम व्हतो."

त्या दिवसापासून आमची तिसरीच आवृत्ती सुरू झाली. मरण पातळ पेटीचं, कुळाचा नियम जाड पुस्तकांचा. खजिना घरी आणला की खेळातल्या माणसाचं शहाणपण वाढतं, हा नियम अप्पांच्या आग्रहाने कायम. ("भांडण न करता माल घरी आणला, त्यालाच अक्कल म्हणतात.") मी सगळ्या स्टेन्सिल पुन्हा कापल्या. अहमदपूरकडच्या त्या गावात साहेब पुढे दोनदा स्वतःहून जाऊन आले, पण पाणी लागलं नाही. ते गाव टँकरवरच राहिलं. त्याबद्दल ते फार बोलत नसत. "ते राहिलं माझ्याकडून," एवढंच एकदा म्हणाले.

मग त्यांची बदली नांदेडला झाली. मूळ नायगावचे असल्याने त्यांना घर जवळ आल्याचा आनंद होता आणि तो लपवायची धडपड ते करत होते. सामान बांधताना वाटणीचा प्रश्न निघाला. अप्पा गादीवर बसून म्हणाले, "जिल्हा फुटला म्हंजी दप्तर वाटावंच लागतं." पातळ पेटी लातूरला राहिली, जाड पुस्तकं नांदेडला गेली. साहेबांचं जिच्यावर प्रेम होतं ती पेटी त्यांनी अप्पांना दिली आणि ज्यांच्यासाठी अप्पा भांडले ती पुस्तकं स्वतः नेली, हे नंतर माझ्या लक्षात आलं. फाशांचा संच एकच होता. वहिनींनी वीस बाजूंचा फासा पदरात घेतला आणि म्हणाल्या, "हा चोरीला गेला म्हणून लिहा."

त्यांच्यानंतर लातूरला आमचा खेळ बसला नाही. मी संसाराला लागले. पण बरीच वर्षं गेल्यावर एक दिवस अप्पांच्या दुकानात साहेबांचा फोन आला. मी योगायोगाने बादली घ्यायला गेले होते. खेळाची नवी रंगीत आवृत्ती निघाली होती आणि तिच्यात चिलखताचा आकडा उलटा केला होता. आता जास्त म्हणजे जास्त. अप्पांनी फोन ठेवला आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे पाहून म्हणाले, "सुधरले." कोण सुधारले, ते कोणाला कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला बादलीवर झाकण फुकट दिलं.

निवृत्तीनंतर साहेब नांदेडलाच राहिले. दर नव्या आवृत्तीचं पुस्तक अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचे, वाचायचे, समासात पेन्सिलीने भांडायचे. एका हिवाळ्यात, सकाळचं पेपरवाचन चालू असताना, ते गेले. आम्हाला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. वहिनींनी फोनवर सांगितलं की पुस्तकं त्यांनी कापडात बांधून वर ठेवली आहेत आणि आता खेळ नाही.

काही महिन्यांनी अप्पा म्हणाले, "पोरी, नांदेडला जाऊन येऊ." ते आता फार थकले होते. एस.टी.त मी त्यांना खिडकीची जागा दिली. वहिनींनी जेवायला वाढलं, साहेबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं, आम्ही ऐकलं. जेवण झाल्यावर अप्पांनी हात पुसले आणि सतरंजीवर मांडी घातली.

"वहिनी, खेळ लावा."

"मला चालवता येत नाही, अप्पा. मी जन्मभर चोर होते."

"चोराला सगळी दारं ठाऊक असतात."

 वहिनींनी पुस्तकं काढली नाहीत. आमच्यासमोर बसल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि डोळे मिटून काहीतरी बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दोघं एका ओढ्याच्या काठाला उभे आहात. सकाळची वेळ आहे. ओढ्याला पाणी आहे, गुडघ्याइतकं. पलीकडे कोणीतरी बसलंय, ओळखू येत नाही. तुम्हाला बघून त्यानं हात वर केला. बोला, काय करता?"

 अप्पांनी नीट विचार केला, चष्मा सावरला आणि म्हणाले, "मी पायताण काढून हातात घेतो आणि पाण्यात उतरतो."